दिनविशेष : २७ मार्च – ‘सिंगिंग इन द रेन’
न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये १९५२ साली आजच्या तारखेस मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीच्या ‘सिंगिंग इन द रेन’ या संगीतप्रधान बोलपटाचा पहिला खेळ झाला. निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार. नासिओ हर्ब ब्राऊन या संगीतकाराच्या सहकार्याने पूर्वी रचलेली आपली गाणी त्याने बेटी कॉम्डेन व अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाच्या हवाली करून त्यांभोवती कथानक गुंफण्याचे फर्मान सोडले, आणि ती गाणी ज्या काळातील, त्याच काळातील, म्हणजे मूकपट मावळून बोलपट उदयास येतानाच्या हॉलिवूडची तारांबळ त्या दोघांनी विषय म्हणून निवडली, यातच निम्मे यश होते असे आमचे मत आहे. दिग्दर्शन चित्रपटाचा नायक जीन केली व स्टॅन्ले डोनन यांनी संयुक्तपणे केले. पावसातील त्या प्रसिद्ध नृत्याच्या चित्रणसमयी केली ज्वराने फणफणलेला होता. आणि नृत्याची फारशी तालीम नसलेल्या एकोणीस वर्षांच्या नायिका डेबी रेनॉल्ड्सला त्याच्या कडक शिस्तीखाली जे कष्ट उपसावे लागले, त्यांचा मागमूसही पडद्यावर दिसत नाही.

मौज अशी, की कर्कश आवाजाच्या नटीला दुसरीचा कंठ उसना देण्यावर जी कथा बेतलेली आहे, तिच्यातच रेनॉल्ड्सच्या तोंडचे काही उसने संवाद, ती कर्कश नटी रंगविणाऱ्या जीन हेगननेच आपल्या मूळच्या सुस्वर आवाजात म्हटले आहेत. आठवडाभरापूर्वीच केलीच्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पटकावले होते, या चित्रपटाच्या पदरी मात्र पुढील वर्षी दोन नामांकनांपलीकडे अकादमीच्या दरबारातून काही पडले नाही.