घाणीतला चुना आणि २८ दिवसांची मोजपट्टी

पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट बाहेर पडू लागले. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे दख्खनमधली मोठी कामे चुन्याच्या घाणीवर चालली. गोल दगडी चर, त्यात बैल ओढतात ते दगडी चाक आणि चाकाखाली विरवलेला चुना, वाळू, सुरखी. सुरखी म्हणजे विटांची भुकटी, पण वाटेल त्या विटांची नव्हे. भाजून भाजून काळी पडलेली झामा वीट कुटली तर ती चुन्याला जवळजवळ दाद देत नाही. हवी ती बेताची भाजलेली. सातआठशे अंशांच्या आसपास भाजलेल्या मातीतले सिलिका आणि ॲल्युमिना क्रियाशील राहतात आणि ओलाव्यात चुन्याशी मिळून सिमेंटमधल्यासारखेच चिकट द्रव्य तयार करतात. गच्चीवरच्या कोब्यात तर खडीही विटांच्या तुकड्यांचीच असे. तो ओला असताना थापटण्यांनी सतत चोपत, म्हणजे आतल्या पोकळ्या मिटत. असा कोबा सिमेंट काँक्रीटच्या मानाने मऊ आणि हलका. पण या मऊपणामुळेच उन्हातान्हातले प्रसरण-आकुंचन तो फारसा न तडकता सोसतो.

मऊपणा हा दोष की गुण, हे त्या भागावर भार कोणता आणि कधी येणार यावर ठरते. सिमेंट आल्यावर मात्र एकच कसोटी रूढ झाली: २८ दिवसांच्या ठोकळ्याची दाबक्षमता. या कसोटीवर चुना-सुरखी नापास होणारच, कारण तिची ताकद महिन्यामहिन्यांनी वाढत जाते. खडकवासल्याचे धरण १८७९च्या सुमारास पुरे झाले, ते चुनेगच्ची दगडकामात. दगडी धरण पाण्याला अडवते ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. उंची तीस-पस्तीस मीटर असेल तर तळाशी येणारा दाब साधारण एक मेगापास्कलच्या आसपास भरतो. आजच्या एम-२० काँक्रीटकडून २८ दिवसांत २० मेगापास्कलची अपेक्षा असते. धरणाला त्या ताकदीची गरज नव्हती. तिथे खरा शत्रू उष्णता. सिमेंट घट्ट होताना जी ऊब सोडते ती जाड बांधकामात कोंडते, आणि थंड होताना तडे जातात. चुना-सुरखीत ही ऊब फार कमी. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्यावर स्वयंचलित दारे बसवणाऱ्या विश्वेश्वरय्यांचे नाव ज्या कृष्णराजसागर धरणाशी जोडले गेले, त्याच्या दगडकामातही चुना-सुरखीच आहे.

यावर आक्षेप ठरलेला: खडकवासला १९६१ मध्ये फुटलेच की! फुटले, पण पानशेतचे मातीचे धरण कोसळून आलेला लोंढा माथ्यावरून गेल्यानंतर. ज्या भाराची कल्पनाच धरली नव्हती, त्याखाली फुटलेल्या धरणावरून चुन्याची परीक्षा करणे रास्त नव्हे. भंडारदऱ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या, सुमारे ८२ मीटर उंच अशा या धरणाला १९६९ साली तडे आणि मोठी गळती दिसली, आणि मागून भक्कम टेकू द्यावे लागले. इथे तळाचा दाब खडकवासल्याच्या दुपटीहून जास्त, आणि झिरपणारे पाणी चुना विरघळवून नेते तो धोका वेगळाच. चुन्याला मर्यादा आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच भंडारदऱ्याच्या वर, घाटघरला, देशातली पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली, आणि त्यांच्या बंधक द्रव्यात निम्म्याहून जास्त फ्लाय ॲश आहे. औष्णिक वीजकेंद्राची ही राख चुन्याशी जे करते ते सुरखीच्याच जातीचे: उशिरा पकड, कमी ऊब, लांबत जाणारी ताकद. अशा काँक्रीटची ताकद सहसा ९० दिवसांची किंवा त्याहून नंतरची धरतात. भाजलेली माती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मानकही काढले. सुरखीच ती, नव्या कागदपत्रांसह!

उरतो तो इमारतींचा प्रश्न, आणि तिथे विरोधकांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. स्लॅबचे सेंट्रिंग लवकर काढायचे तर लवकर येणारी ताकद हवीच. शिवाय राख किंवा सुरखी काँक्रीटमधला चुना खाऊन टाकते, म्हणून सळईला गंजापासून वाचवणारा अल्कधर्मी साठा घटतो. पाणी मारण्यात कुचराई झाली तर त्याची किंमत मोजावी लागते. मात्र स्लॅबचे माप पायालाही का? काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ४५६च्या, १९७८च्या आवृत्तीत उशिरा येणाऱ्या भारासाठी ताकद वाढवून धरण्याची सोय होती: वर्षानंतर पूर्ण भार येणार असेल तर १.२ पट. बारीक दळलेल्या नव्या सिमेंटची ताकद आधीच येऊन जाते आणि मागाहून फारशी वाढत नाही, म्हणून २०००च्या आवृत्तीतून ती गेली. सिमेंटपुरते ते बरोबर होते. पण राखेच्या काँक्रीटची वाढ अजून चालूच असते, आणि पाया भरून वरचे आठ-दहा मजले चढेपर्यंत महिने लोटतात. पूर्ण वजन येते तेव्हा त्या पायाचे वय २८ दिवसांच्या कितीतरी पुढे गेलेले असते.