इम्युनोथेरपीजन्य आतड्याचा दाह

कर्करोगावरील चेकपॉइंट औषधांमुळे पचनमार्गाला, विशेषतः मोठ्या आतड्याला, येणारी सूज. टी-पेशींनी शरीराच्याच ऊतींवर हल्ला करू नये म्हणून सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही ‘चेकपॉइंट’ प्रथिने त्यांना आवरतात. इपिलिमुमॅब पहिल्याला, निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब दुसऱ्याला निष्प्रभ करतात. या तत्त्वाच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सुटलेल्या पेशी गाठीबरोबर आतड्याच्या अस्तरावरही तुटून पडतात. इपिलिमुमॅबने, आणि दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्यास, हा त्रास अधिक होतो.

जुलाब, पोटात मुरडा, शौचातून रक्त किंवा आव ही लक्षणे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतात; औषध थांबवून काही महिने उलटल्यावरही ती उद्भवू शकतात. रुग्ण तोवर गावी परतलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरांना इम्युनोथेरपी झाल्याचे कोणी सांगत नाही. नेहमीपेक्षा दिवसाला सात किंवा अधिक वेळा जास्त शौचास होणे गंभीर मानतात. अशा वेळी नुसती लोपेरामाइडची गोळी देत राहिल्यास जुलाब थांबल्यासारखे वाटतात, पण दाह चालूच राहतो. क्वचित आतड्याला छिद्र पडते. दुर्बिणीतून अस्तर निरोगी दिसले तरी बायोप्सीत दाह सापडू शकतो.

स्टेरॉइड हा मुख्य उपचार असून मात्रा काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. तीन ते पाच दिवसांत उतार न पडल्यास इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब देतात. आपल्याकडे मात्र त्याआधी अमीबा व इतर जंतुसंसर्ग तपासावे लागतात. सुप्त क्षयाची तपासणी तर टाळताच येत नाही, कारण इन्फ्लिक्सिमॅबने दबलेला क्षय उफाळू शकतो. सोबत यकृतदाह असेल तर हे औषध टाळतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिली. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. तोंडावाटे घ्यायच्या तीन औषधांना ही जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. खर्चाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा. तरीही कमी मात्रेत आतडे सुरक्षित राहते असे धरून चालू नये : पीडी-१ रोधकांचे दुष्परिणाम मात्रेच्या प्रमाणात घटतातच असे नाही. शिवाय त्या तीन गोळ्यांपैकी एर्लोटिनिबनेही जुलाब होतात.