शारजा-मुंबई: न दिसणाऱ्या विमानांचा हिशेब

5 ऑक्टोबर 1932 रोजी ग्वादरहून निघालेले 'हॅनो' शारजाच्या वाळूत उतरले. इम्पीरियल एअरवेजचे हे चार इंजिनांचे दुपंखी धूड ताशी जेमतेम 160 किलोमीटरने चालायचे. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडायला मनाई केल्यामुळे लंडन-कराची मार्ग अरबी किनाऱ्याकडे वळवावा लागला होता. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला आणि सपाट केलेल्या जमिनीशेजारी प्रवाशांसाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह उभे राहिले. जोडीला वायरलेस होतेच.

रडार अजून जन्माला यायचे होते. विमान निघाले की पुढच्या तळाला तारेने किंवा वायरलेसने कळवायचे, वाटेत विमानातल्या ऑपरेटरने मोर्समध्ये ठावठिकाणा द्यायचा आणि खाली बसलेल्याने घड्याळाकडे पाहत राहायचे. एवढीच काय ती व्यवस्था. तरी ती चैनच म्हणायची. 'हॅनो' शारजाला उतरल्यानंतर दहाच दिवसांनी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता.

1 मार्च 1940 रोजी 'हॅनो'च्याच जातीचे 'हॅनिबल' जास्कहून शारजाकडे येताना ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. आत आठ माणसे होती. मद्रास प्रांतातले जस्टिस पार्टीचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यांपैकी एक. अवशेष कधीच सापडले नाहीत. घड्याळावर चालणाऱ्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते: विमान आले नाही एवढे ती सांगते, कुठे गेले ते नाही.

युद्धानंतर रडार आले, पण समुद्र त्याला पुरून उरला. रडारची नजर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे 35,000 फुटांवरचे विमानसुद्धा साधारण 400 ते 450 किलोमीटरनंतर क्षितिजाआड जाते. दुबई-मुंबई अंतर 1,900 किलोमीटरच्या पुढे. अमिरातींच्या आकाशात अबुधाबीच्या शेख झायेद हवाई नियंत्रण केंद्राला विमान पडद्यावर स्पष्ट दिसते, पुढे ते मस्कतच्या हवाली होते, आणि ओमानचा किनारा मागे पडला की काही काळ कोणाच्याच रडारवर दिसत नाही.

मग पुन्हा वहीखाते. समुद्रावर 'पारार', 'टोटॉक्स', 'रास्की' अशी नुसत्या अक्षांश-रेखांशांवर बेतलेली ठिकाणे आहेत. मस्कतची हद्द तिथे संपते, मुंबईची सुरू होते. वैमानिक लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर सांगतो: विमानाचे नाव, ओलांडलेले ठिकाण, वेळ, उंची, पुढचे ठिकाण आणि तिथे पोहोचण्याची वेळ. खरखरीतून हे टिपून घेणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, निर्णय घेणारा कंट्रोलर वेगळा. कंट्रोलरसमोर प्रत्येक विमानाची एक पट्टी असे. तीवरच्या वेळा दुसरीशी ताडून, एकाच उंचीवरच्या दोन विमानांत बहुधा दहा मिनिटे राखायची. सांगितलेली वेळ चुकणार असे दिसले, तर वैमानिकाने आपणहून कळवायचे. निरोप आलाच नाही, तर विमानाचा शोध घ्यायचा.

उंचीचा हिशेब त्या मानाने सोपा. पूर्वेकडे येणारी विमाने 33,000, 35,000 अशा विषम हजारांवर, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर. पूर्वी 29,000 फुटांच्या वर दोन विमानांत 2,000 फूट सोडावे लागत. नोव्हेंबर 2003 पासून या भागात 1,000 फूट पुरू लागले आणि त्याच आकाशात जास्त विमाने मावू लागली.

आता उपग्रहामार्फत विमान स्वतःच आपला ठावठिकाणा पाठवते आणि कंट्रोलरची सूचना वैमानिकाच्या पडद्यावर अक्षरांत उमटते. समुद्रापार जाणाऱ्या विमानांतून एचएफ मात्र अजून काढलेला नाही. कान लावून बसायची सक्तीही नाही: प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत दिलेला असतो, जमिनीवरून त्याचे सूर वाजवले की कॉकपिटमध्ये घंटी होते आणि वैमानिक हेडसेट चढवतो.