भंगारात निघालेला मॉनिटर आणि बारा नंबरची पिन

आजची गोष्ट रत्नागिरीतून सुरू होते.

मे महिन्यात घरी गेलो होतो. मारुती मंदिरजवळ काका राहतात, त्यांच्याकडे एक जुना पीसी पडून होता. चुलत बहिणीला कोडिंगचा सराव करायचा होता, म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. सगळं झकास चाललं, फक्त स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली आणि धूसर. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, पण लिनक्स १०२४ बाय ७६८ च्या पुढे जाईना. काका म्हणाले, "अरे, भंगारात देऊ का हा?" मी जवळजवळ "द्या" म्हणालोच होतो.

आता थोडं मागे जाऊ. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८० चं चित्र, पण प्रत्यक्षात मोजायचं ८०० बाय ५२५. का? तेव्हाचे मॉनिटर पिक्चर ट्यूबचे. इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपवून परत डावीकडे यायला वेळ घ्यायचा, तो वेळही हिशेबात धरावा लागायचा. सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार पिक्सेल, भागिले ८००, भागिले ५२५. उत्तर येतं ५९.९४, म्हणजे सेकंदाला साधारण ६० चित्रं.

लिनक्स आलं १९९१ मध्ये, आणि १९९२ मध्ये चार प्रोग्रामर एकत्र येऊन 'एक्सफ्री८६' उभं राहिलं. आधीच्या 'एक्स३८६' मधल्या 'थ्री'चं केलं 'फ्री', अशी नावातच कोटी! पण वापरणाऱ्याची कसोटी होती. वरचा सगळा हिशेब 'मोडलाइन' नावाच्या एका ओळीत स्वतः लिहायचा, तोही मॉनिटरच्या माहितीपुस्तकातले आकडे बघून. आकडा चुकला तर स्क्रीन काळी, आणि काही जुने मॉनिटर तर कायमचे बिघडायचे. तशी सूचनाच कागदपत्रांत दिलेली असायची.

१९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने यावर उपाय काढला: ईडीआयडी. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची एक कुंडली. कंपनी कोणती, आकार किती, कुठलं रेझोल्यूशन चालतं, सगळं त्यात. कॉम्प्युटर केबलमधूनच ती वाचतो. २००४ मध्ये एक्सफ्री८६ च्या लायसन्सवरून वाद पेटला आणि बहुतेक मंडळी एक्स.ऑर्गकडे गेली. २००७ च्या सुमारास चालू स्क्रीनवरच मॉनिटर जोडणं, बदलणं सोपं झालं. २००९ मध्ये इंटेलच्या चिपसाठी हे काम थेट कर्नलमध्ये गेलं. मोडलाइन हाताने लिहिण्याची वेळ आता क्वचितच येते.

मग काकांच्या मॉनिटरचं काय बिघडलं होतं? त्याची कुंडलीच कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हती. अशा वेळी लिनक्स धोका पत्करत नाही, १०२४ बाय ७६८ वर थांबतं. मी जुन्या पद्धतीने मोडलाइन काढायला बसलो. तिथे गंमत झाली. ते सूत्र रुंदी ८ च्या पटीत धरतं आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून मला मिळालं १३६८. चित्र पूर्ण रुंदीचं झालं, पण अक्षरांच्या कडा अजून किंचित धूसरच.

शेवटी केबल काढून बघितली. व्हीजीएच्या १५ पिना, पाच-पाचच्या तीन ओळी. तिसऱ्या ओळीतली दुसरी, म्हणजे १२ नंबरची पिन आत दबलेली. कुंडलीचा डेटा नेमका याच पिनेतून येतो! रंगांच्या पिना शाबूत, म्हणून चित्र दिसत होतं. दुसरी केबल लावली आणि १३६६ बाय ७६८ आपोआप आलं. बहीण म्हणाली, "दादा, एवढंच होतं?"

हो, एवढंच होतं. पण मी इंजिनिअर असून दोन तास सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो, आणि चांगला मॉनिटर भंगारवाल्याकडे जाता जाता वाचला. आपोआप चालणाऱ्या गोष्टीमागे काय चाललंय हे माहीत नसलं, की ती बंद पडल्यावर आपण वस्तूलाच दोष देतो. १९९२ च्या त्या हिशेबी मंडळींना ही चैन नव्हती.

तर मंडळी, तुमच्याकडे असा धूसर मॉनिटर असेल तर टाकून द्यायच्या आधी केबल बदलून बघा. भेटू पुढच्या भागात!