वायरलेसचं लायसन

मागच्या रविवारी कंधारला काकांच्या ऑफिसात वायरलेस राऊटर बसवला. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अर्ध्या तासाचं काम. काकांनी विचारलं, "ह्याचं लायसन काढलंस का रे?"

मी हसलो, पण प्रश्न रास्त होता. १९३३च्या कायद्याने वायरलेस यंत्र बाळगायला परवाना लागायचा. काकांच्या पिढीने साध्या रेडिओचं लायसनही पोस्टात भरलंय. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने १९८५ साली विनापरवाना खुला केला. त्यातूनच पुढे १९९७ साली वाय-फायचं मानक आलं. आपल्याकडे हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५मध्ये मोकळा झाला.

दिल्लीत एक कागद निघाला, म्हणून कंधारातल्या तीन कॉम्प्युटरना कुणाला विचारावं लागत नाही. परवाना नको, पासवर्ड मात्र लावायचाच, बरं का!