शस्त्रक्रियोत्तर बोधनदोष

शस्त्रक्रियोत्तर बोधनदोष म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या स्मरणशक्तीत, एकाग्रतेत, विचारांच्या वेगात किंवा नियोजनक्षमतेत पूर्वीच्या तुलनेत आढळणारी घट होय. हा दोष प्रामुख्याने साठीपुढील व्यक्तींत दिसतो. बहुसंख्य रुग्णांत तो काही आठवड्यांत ओसरतो. थोड्यांत महिनोन्महिने टिकतो. बोलीभाषेत त्याला ‘भूल अंगात राहिली’ असे म्हणतात. मात्र भुलीची औषधे साधारणतः तासाभरात ते दिवसाभरात शरीराबाहेर पडतात, त्यामुळे हे वर्णन शब्दशः खरे नाही.

== स्वरूप ==
रुग्ण चालतो-बोलतो, माणसे ओळखतो; परंतु वर्तमानपत्रातील बातमी वाचून संपेपर्यंत तिचा आरंभ विसरतो, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो, गोळी घेतली की नाही हे त्याला आठवत नाही. शिकलेली व्यक्ती असे दोष बराच काळ झाकू शकते. म्हणून ते बहुधा डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतात.

२०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या विकारांची नवी परिभाषा सुचवली. तीनुसार पहिल्या ३० दिवसांतील घट ही ‘विलंबित पुनर्प्राप्ती’ समजली जाते आणि त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत आढळणाऱ्या घटीस विकाराचे नाव दिले जाते.

== मुग्धभ्रमाशी फरक ==
शस्त्रक्रियेनंतर बहुधा पहिल्या तीन दिवसांत उद्भवणारा मुग्धभ्रम ही वेगळी अवस्था आहे. तिच्यात जाणीव व अवधान ढळते, रुग्णाला स्थळकाळाचे भान राहत नाही, तो नळ्या उपसू पाहतो किंवा खोलीत नसलेल्या माणसांशी बोलतो. लक्षणे दिवसभरात कमी-अधिक होतात आणि रात्री बळावतात. जुन्या मराठीत यालाच ‘वातात बरळणे’ म्हटले जाई. नातेवाईक अनेकदा याला वेड समजून घाबरतात. ते वेड नव्हे.

याचा दुसरा, शांत प्रकार अधिक फसवा आहे. रुग्ण गप्प पडून राहतो, हाक मारल्यास उशिरा उत्तर देतो. ‘आजोबा थकलेत, झोपू द्या’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट, प्राणवायूची कमतरता, तुंबलेली लघवी किंवा न आटोपलेली वेदना ही त्यामागील कारणे तशीच राहिल्यास जिवावर बेतू शकते.

== संशोधनाचा इतिहास ==
इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज सॅव्हेज यांनी १८८७ मध्ये भुलीनंतरच्या मनोविकारांची नोंद केली. १९५५ मध्ये बेडफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांवरील भुलीच्या दुष्परिणामांविषयी लिहिले आणि निःसंशय गरज असेल तरच वृद्धांवर शस्त्रक्रिया करावी, असे सुचवले.

१९९८ चा बहुराष्ट्रीय अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. हृदयाव्यतिरिक्त इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठ व त्यापुढील वयाच्या १,२१८ रुग्णांपैकी २५.८ टक्क्यांत एका आठवड्यानंतर आणि ९.९ टक्क्यांत तीन महिन्यांनंतर दोष आढळला. शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनागटात हे प्रमाण अनुक्रमे ३.४ व २.८ टक्के होते. त्यातील काही रुग्णांची एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी केली असता तुलनागटाशी लक्षणीय फरक उरला नव्हता. ही दुसरी बाब फारशी सांगितली जात नाही.

हृदयाच्या बायपासबाबत २००१ मधील एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांत घट दिसली. तथापि त्यात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांचा तुलनागट नव्हता. पुढे असे गट घेतल्यावर त्यांच्यातही तशीच घट आढळली. म्हणजे दोषाचा मोठा वाटा रक्तवाहिन्यांच्या मूळ आजाराकडे जातो.

== कारणे ==
एकच कारण सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे शरीरभर उठणारा दाह मेंदूपर्यंत पोहोचतो, हे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. वाढते वय, कमी शिक्षण, पूर्वीचा पक्षाघात आणि आधीपासूनची सौम्य विस्मृती यांमुळे धोका वाढतो. कमरेत टोचून दिलेली भूल अधिक सुरक्षित असेल, असा तर्क पूर्वी होता. परंतु खुब्याच्या अस्थिभंगाच्या रुग्णांवरील २०२१ व २०२२ मधील मोठ्या चाचण्यांत मुग्धभ्रमाच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींमध्ये फरक आढळला नाही.

== निदान आणि नवी मुंबई ==
निदानासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची अशा दोन चाचण्यांची तुलना करावी लागते. पहिली चाचणीच झाली नसेल, तर ‘आधी असे नव्हते’ या घरच्यांच्या सांगण्यावरच विसंबावे लागते.

भाषेचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे तरुणपणी राहायला आलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्यात मराठीबरोबरच गुजराती, मल्याळी, पंजाबी भाषक आहेत. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्या मूळ गावांतील आगरी-कोळी वृद्धांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण अल्प आहे. नेरूळ, कामोठे, खारघर येथील मोठ्या रुग्णालयांत हे सारे एकाच रांगेत असतात. ज्या आजीला इंग्रजी तारखेऐवजी तिथी आणि बाजाराचा वार आठवतो, तिला तारखेच्या प्रश्नावर शून्य गुण देणे हा चाचणीचा दोष आहे, आजीचा नव्हे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी बदललेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच अडचणीतून.

== प्रतिबंध व काळजी ==
खात्रीचे औषध उपलब्ध नाही. झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा मोजका वापर, वेदनाशमन, पुरेसे पाणी, लवकर चालवणे आणि रात्रीची अखंड झोप यांचा मुग्धभ्रम टाळण्यास उपयोग होतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील वॉर्डांत दाखल वृद्ध रुग्णांवर अशा साध्या उपायांचा प्रयोग झाला. तेव्हा मुग्धभ्रमाचे प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आले. चष्मा, श्रवणयंत्र व कवळी रुग्णाला शुद्धीवर येताच परत देणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय; पण हरवतील या भीतीने त्या वस्तू बहुधा घरीच ठेवल्या जातात.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे औषधांची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी आणि मृत्युपत्र, मालमत्तेची कागदपत्रे किंवा बँकेचे मोठे व्यवहार पुढे ढकलावेत. मुले परदेशी असल्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी ही व्यवस्था शस्त्रक्रियेपूर्वीच लावणे हिताचे ठरते. तीन महिन्यांनंतरही विस्मृती कायम राहिल्यास किंवा वाढत गेल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते, कारण अशा वेळी आधीपासून दबून असलेला स्मृतिभ्रंश शस्त्रक्रियेच्या निमित्ताने उघड झालेला असू शकतो. भुलीमुळेच अल्झायमरचा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही.