मेणावर कोरलेला सिबेलियस : जिनेत नेव्हू आणि सहा वर्षांची शांतता

पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर 27 ऑक्टोबर 1949 रोजी काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. बॉक्सिंगचा माजी जगज्जेता मार्सेल सेरदां हातात व्हायोलिन घेऊन उभा आहे. ज्या हातांनी भल्याभल्यांना लोळवले, त्या हातांना हे नाजूक लाकूड नेमके कसे धरावे ते कळत नसावे. शेजारच्या तरुणीचे ते व्हायोलिन. तिचा पियानोवादक भाऊ जवळच आहे. काही तासांनी त्यांचे विमान अझोर्स द्वीपसमूहातल्या साओ मिगेल बेटावर डोंगराला धडकले आणि आतले सर्व 48 जण ठार झाले.

सेरदां अल्जेरियात जन्मलेला, कासाब्लांकात वाढलेला, शिवाय गायिका एदिथ पियाफचा प्रियकर. साहजिकच वृत्तपत्रांचे मथळे त्याच्या वाट्याला गेले. त्या तरुणीचे नाव जिनेत नेव्हू, वय 30. कन्चेर्तो म्हणजे एकटा वादक आणि त्याच्या समोर अख्खा ऑर्केस्ट्रा अशी रचना. असे तिने स्टुडिओत मुद्रित केलेले कन्चेर्तो फक्त दोन. एक ब्राम्सचा, दुसरा फिनलंडच्या जाँ सिबेलियसचा. दोन्ही रोमँटिक युगाच्या उतरत्या काळातले. इतक्या तुटपुंज्या ऐवजावर पाऊणशे वर्षे एखाद्या फनकाराचे नाव टिकावे, हे कसे झाले? माझ्या मते त्याचे उत्तर केवळ तिच्या बोटांत नाही. ती कधी वाजवत नव्हती, हेही पाहावे लागते.

वॉर्सा, 1935

जिनेतचा जन्म 1919चा, पॅरिसचा. सात वर्षांची असताना तिने पॅरिसच्या साल गावो सभागृहात ब्रुखचा कन्चेर्तो वाजवला. 1931 मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत ती चौथी आली. पण तिथे कार्ल फ्लेश या थोर उस्तादाच्या नजरेत भरली. त्यांनी तिला फी न घेता शिकवायची तयारी दाखवली. फ्लेश हंगेरीतले ज्यू होते आणि त्या काळी बर्लिनमध्ये शिकवत. पुढे हिटलरच्या राजवटीत त्यांना बर्लिन सोडावे लागले. म्हणजे या मुलीच्या कलेवर शेवटचा हात फिरवणारा गुरू स्वतःच निर्वासित झाला. हे लक्षात ठेवायला हवे.

हेन्रिक विन्याव्स्की या पोलिश व्हायोलिनवादकाच्या जन्मशताब्दीनिमित्त 1935 मध्ये वॉर्साला स्पर्धा भरली. सोव्हिएत संघातून 26 वर्षांचा डेव्हिड ओइस्त्राख आला होता. पुढे तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकांत गणला गेला. त्या स्पर्धेत मात्र तो दुसरा आला. पहिली आली 15 वर्षांची जिनेत. ओइस्त्राखला त्याचे वाईट वाटले नाही असे नाही. पण घरी लिहिलेल्या पत्रात त्याने या मुलीच्या गुणवत्तेला मोकळ्या मनाने दाद दिली.

तिची पहिली ध्वनिमुद्रणे 1938 आणि 1939 मधली. ती झाली बर्लिनमध्ये. काही छोट्या चिजा आणि रिचर्ड स्ट्राउसचा सोनाटा. म्हणजे जर्मन श्रोते तिला ओळखत होते, जर्मन कंपनीकडे तिचे नाव होते. इथपर्यंत तिची वाटचाल त्या काळच्या कोणत्याही होतकरू वादकासारखीच आहे.

मग युद्ध आले. जून 1940 मध्ये पॅरिस पडले. जर्मनीत येऊन वाजवण्याची निमंत्रणे जिनेतला आली आणि तिने ती नाकारली. 1939 नंतर थेट नोव्हेंबर 1945 पर्यंत तिची एकही तबकडी निघाली नाही. वयाची 20 ते 26 ही वर्षे वादकाच्या आयुष्यात सोन्यासारखी असतात. कंपन्यांचे करार, दौरे, नाव हे सगळे याच वयात जमते. तिच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिथे रिकामी जागा आहे.

ती अगदीच गप्प बसली होती, असे मात्र नाही. 21 जून 1943 रोजी जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये तिने फ्रान्सिस पुलांक यांचा नवा व्हायोलिन सोनाटा प्रथम सादर केला. पियानोवर स्वतः पुलांक होते. हा सोनाटा स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काच्या स्मृतीला अर्पण केलेला होता. लोर्काला 1936 मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या होत्या आणि फ्रँकोच्या मागे हिटलर उभा होता. शहरात जर्मन गणवेश फिरत असताना त्या कवीच्या नावाने मैफल करायची, याला कोणी केवळ संगीत म्हणणार असेल तर म्हणो.

एकच कन्चेर्तो, दोन शहरे

सिबेलियस यांना तरुणपणी व्हायोलिनवादकच व्हायचे होते. व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी परीक्षाही दिली, पण निवड झाली नाही. त्या हुकलेल्या स्वप्नातून हा कन्चेर्तो जन्मला, असे म्हणायला जागा आहे. 1904 मध्ये हेलसिंकीत तो पहिल्यांदा वाजला आणि फसला. तो त्यांनी नव्याने लिहिला. 1905 मध्ये बर्लिनमध्ये रिचर्ड स्ट्राउस यांच्या संचालनाखाली तो पुन्हा सादर झाला. बाजारात आलेले त्याचे पहिले ध्वनिमुद्रण यशा हायफेट्झचे, लंडनमध्ये 1935 साली झालेले. हायफेट्झ मूळचे विल्नाचे. त्यांचे वादन आजही थक्क करते. थंडगार पोलादी पाते उन्हात चमकावे तसे. त्यांच्यानंतर कोणी काय वाजवायचे, असा प्रश्न बरीच वर्षे होता.

नाझी जर्मनीत सिबेलियस लाडके होते. त्यांना 1935 मध्ये गोएथे पदक मिळाले, 1942 मध्ये त्यांच्या नावाने जर्मन संस्थाही निघाली. फिनलंड तेव्हा सोव्हिएत संघाविरुद्ध जर्मनीच्या बाजूने लढत होते, हे त्यामागचे उघड कारण. फेब्रुवारी 1943 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या मैफलीत विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली गेओर्ग कुलेनकाम्फ यांनी हाच कन्चेर्तो वाजवला. स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याने शरणागती पत्करून जेमतेम आठवडा झाला होता. ही मैफल चुंबकीय फितीवर मुद्रित झालेली आहे. युद्धानंतर बर्लिन रेडिओच्या बऱ्याच फिती सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेल्या आणि पश्चिमेकडच्या श्रोत्यांना त्या फार उशिरा ऐकायला मिळाल्या.

कुलेनकाम्फना नाझी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसे ते नव्हते. ज्यू कुळातल्या मेंडेलसोनचे संगीत हद्दपार होत असताना 1935 मध्ये त्यांनी त्याच्याच कन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण केले. दोनच वर्षांनी, त्या हद्दपार कन्चेर्तोच्या जागी राजवटीने शुमानचा अडगळीतला कन्चेर्तो पुढे आणला, तेव्हा तो सादर करायलाही तेच उभे राहिले. 1944 मध्ये ते स्वित्झर्लंडला निघून गेले. माणसे अशीच अर्धी इकडे, अर्धी तिकडे जगतात. त्यांचा सिबेलियस सुंदर आहे, हेही मान्य करायला हवे. पण ते ऐकताना सभागृहात कोण बसले होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता लंडन. 21 नोव्हेंबर 1945, ॲबे रोडचा स्टुडिओ. फिलहार्मोनिया हा ऑर्केस्ट्रा इतका नवा की त्याची पहिली मैफल होऊन महिनाही उलटला नव्हता. संचालक वॉल्टर सस्किंड प्रागचे ज्यू. 1939 मध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरण्याच्या बेतात असताना ते निसटून इंग्लंडला आले होते. आणि समोर सहा वर्षांनी ध्वनिमुद्रणाला उभी राहिलेली जिनेत.

त्या काळी मेणाच्या जाड तबकडीवर सुई थेट नाद कोरत जाई. एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत. चूक झाली तर पुसायची सोय नाही, ती बाजू पहिल्यापासून वाजवायची. अर्ध्या तासाहून थोडा मोठा हा कन्चेर्तो असा आठ बाजूंत, चार तबकड्यांत बसवला गेला. दर चार मिनिटांनी थांबायचे, तापलेले मन थोपवून धरायचे आणि पुढच्या तुकड्यात पुन्हा त्याच आचेवर सुरुवात करायची. विक्रीच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. जगाला लागणारी ही लाख मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या रानांतून जाई. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरून ती खरवडून काढणाऱ्या आदिवासींनी सिबेलियसचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही.

जिनेतचे वादन ऐकताना कुठेच तुकडे जाणवत नाहीत. हायफेट्झची झळाळी तिच्याकडे नाही, ती तिने मागितलेलीही नाही. पहिल्या भागाच्या मध्यावर व्हायोलिन बराच वेळ एकटेच वाजते. तिथे ती कसरत दाखवत नाही, एखादी गोष्ट निग्रहाने सांगावी तसे वाजवते. दुसऱ्या भागातली जाड तारेवरची धून ती सावकाश, पण जराही न पाघळता नेते. तिसऱ्यातला ठेका जमिनीवर पाय आपटून नाचल्यासारखा जड आहे. काहींना तो फार जड वाटतो. मला तो पटतो. एखाद्या स्वरावर गज इतका दाबला जातो की तार कण्हते. आजच्या स्टुडिओत तो भाग बहुधा पुन्हा घेतला असता.

यात युद्ध ऐकू येते का? खरे तर स्वरांत राजकारण शोधणे धोक्याचे असते. तारीख लपवून ऐकवले तर कोण काय ओळखेल, सांगता येत नाही. पण इतिहास वाचणाऱ्याला तारीख बाजूला ठेवता येत नाही. एक वादन बर्लिनच्या भरलेल्या सभागृहातले, दुसरे निर्वासित संचालकासोबत, न वाजवलेल्या सहा वर्षांनंतरचे.

ऑगस्ट 1946 मध्ये तिने याच ऑर्केस्ट्राबरोबर, इसाय डोब्रोवेन यांच्या संचालनाखाली ब्राम्स मुद्रित केला. मात्र ब्राम्ससाठी मी दुसऱ्याच ध्वनिमुद्रणाकडे वळतो. ते 3 मे 1948चे आहे, हॅम्बुर्गमधले. हे ब्राम्सचे जन्मगाव. जुलै 1943च्या बॉम्बहल्ल्यांत तिथे सुमारे 40 हजार माणसे मेली आणि निम्मे शहर ढिगाऱ्यात गेले. ब्रिटिशांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या रेडिओ ऑर्केस्ट्रासोबत, हान्स श्मिट-इसरश्टेट यांच्या संचालनाखाली तिने तिथे ब्राम्स वाजवला. जिंकणाऱ्या जर्मनीला नकार देणारी ही बाई हरलेल्या जर्मनीत गेली. हे वादन स्टुडिओतल्याहून कितीतरी मोकळे आहे. पहिल्या भागात ती अशी झेप घेते की क्षणभर ऑर्केस्ट्रा मागे पडतो आणि मग धावत तिला गाठतो.

अपघातानंतर पुलांक यांनी लोर्काच्या नावाचा तो सोनाटा पुन्हा हाती घेतला आणि 1949 मध्ये त्याचा शेवटचा भाग बदलला. आज मैफलींत सहसा हाच बदललेला शेवट वाजतो. 1943च्या त्या संध्याकाळी जिनेतने वाजवलेला शेवट वेगळा होता. त्याची तबकडी तिने केली नाही.